भुंकण्याआधीची दहा मिनिटं

बंडू हा काही गप्प बसणारा कुत्रा नाही. दाराची बेल वाजली, कुंपणावरून मांजर गेलं, शेजारी कुणी शिडी लावली, की तो भुंकणारच. पण रात्री तो झोपायचा. दिवे मालवले की स्वारी सोफ्याच्या कडेला वेटोळं करायची, ती उजाडल्यावरच उठायची. अकराव्या वर्षी हे सगळं बिघडलं. रात्री दोन ते चारच्या दरम्यान केव्हातरी तो एकदम उठून भुंकायला लागला. आधी गुरगुर, मग एखादा भुंकार, असं चढत जाणारं काही नाही. शांततेतून थेट टिपेला. आम्ही धडपडत बाहेर यावं तर हा खोलीच्या मधोमध उभा, मान वर, आणि समोर काही म्हणजे काही नाही.

घरात प्रत्येकाकडे निदान तयार होतं. सासूबाई म्हणाल्या, "वय झालंय त्याचं." मुलगा म्हणाला, "भूकंप होणार असेल." नवरा म्हणाला, "तू उठून जातेस ना, म्हणून भुंकतो." यातलं एक साफ चूक होतं आणि दोन अर्धी अर्धी बरोबर होती, पण ते कळायला बरेच महिने जायचे होते.

मी वही घातली. पलंगाशेजारी वही, पेन आणि छोटा टॉर्च. भुंकणं झालं की चार गोष्टी लिहायच्या: किती वाजले, तो कुठे उभा होता, तोंड कुठे होतं आणि कशाने थांबला. पहाटे तीनचं माझं अक्षर मला सकाळी वाचता यायचं नाही, हा भाग वेगळा. तरी पंधरवडाभरात दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. एक म्हणजे तोंड जवळजवळ दर वेळी एकाच दिशेला, आतल्या खोलीच्या माळ्याकडे. आणि दुसरं, त्या भुंकण्याचे सरळ दोन भाग पडत होते. सुरुवातीला खर्जातली, खरखरीत, एकात एक गुंतलेली सरबत्ती. ती संपली की थोडं थांबून चढ्या सुरातलं एकेक सुटं भुंकणं, आणि तेव्हा तोंड माळ्याकडे नाही, आमच्या दाराकडे.

हा फरक माझ्या मनाचा खेळ नाही, हे नंतर वाचलं. सोफिया यिन या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००२ मध्ये कुत्र्यांची भुंकणी वेगवेगळ्या प्रसंगांत ध्वनिमुद्रित करून तपासली होती. कुणी अनोळखी आल्याची चाहूल लागली की भुंकणं खालच्या पट्टीतलं आणि कर्कश असतं. एकटं कोंडल्यावरचं भुंकणं वरच्या पट्टीतलं आणि सुटं सुटं असतं. हंगेरीतल्या संशोधकांनी मुदी जातीच्या मेंढपाळ कुत्र्यांची भुंकणी लोकांना नुसती ऐकवली, तर ज्यांनी कधी कुत्रं पाळलं नाही त्यांनाही प्रसंग बऱ्यापैकी ओळखता आला. म्हणजे आपला कान तेवढा तयार असतोच. फक्त रात्री तीनला आपण ऐकत नसतो, वैतागलेले असतो.

तर माळा. मी स्टूल लावून कान देऊन ऐकलं, काही नाही. फोन रेकॉर्डिंगला लावून रात्रभर माळ्यावर ठेवला. सकाळी ऐकला, पंख्याची घरघर सोडून काही नाही. त्यावरून माळ्यावर काही नाही असं मी ठरवूनच टाकणार होते, पण मुलाने एक शहाणपणाचा मुद्दा काढला. फोन सेकंदाला आवाजाचे ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतो, आणि त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे साधारण २२ ते २४ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज त्यात उतरूच शकत नाही. माणसाचा कानही २० हजारांपाशी थांबतो, आणि वय वाढेल तसा त्याच्याही बराच अलीकडे. कुत्र्याचा कान मात्र ४५ हजारांपर्यंत जातो. उंदरांचं आपापसातलं बरंचसं बोलणं याच वरच्या पट्टीत चालतं. मोठ्या उंदराची धोक्याची हाक २२ हजारांच्या आसपास असते. ती आपल्या कानाच्या जरा बाहेर, आणि कुत्र्याला मात्र खणखणीत. म्हणजे मी आणि माझा फोन, दोघेही एकाच मर्यादेचे बहिरे होतो.

त्यात रात्रीची हवा. दिवसभराचा गोंगाट बसलेला असतो हे तर झालंच, पण रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची तुलनेने ऊबदार असते. अशा वेळी वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि जमिनीलगत लांबवर ऐकू येतो. दूरच्या गाडीचा हॉर्न रात्रीच नीट ऐकू का येतो, त्याचं हे कारण. एका वस्तीतलं एक कुत्रं भुंकलं की पलीकडची चार उठतात, त्यातही याचा हात असणार. वहीत मी अशा साखळी भुंकण्याला वेगळी खूण केली होती. पण त्या रात्री कमी निघाल्या, आणि तेव्हा बंडूचं तोंड खिडकीकडे असायचं. माळ्याचं प्रकरण वेगळंच होतं.

माळ्यावर फळीभर टाल्कम पावडर पसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या पावलांची ओळ, आणि मधून शेपटीची बारीक रेघ. बघून मला आनंद व्हावा हे विचित्रच, पण झाला. इतके दिवस ज्याला आम्ही "उगाच भुंकतो" म्हणत होतो, त्याचं म्हणणं लेखी मिळालं होतं.

कुत्रा असलेल्या घरात उंदरांसाठी विष ठेवायचं नाही. या विषांपैकी पुष्कळशी रक्त गोठू देत नाहीत. विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर कुत्र्यालाही बाधू शकतं, आणि लक्षणं दिसायला काही दिवस लागत असल्यामुळे तोवर वेळ गेलेली असते. भिंतीत खोचून लावायचं, "फक्त उंदरांना ऐकू येतं" म्हणून विकलं जाणारं यंत्र मी जवळपास घेतलंच होतं. मग लक्षात आलं की त्याचा आवाज बंडूच्या कानाच्या टप्प्यातच बसतो. उंदीर जाईल न जाईल, कुत्र्याचं डोकं मात्र रात्रभर उठेल. शेवटी सरळ मार्ग धरला. पाईप आत येतो तिथली फट, दाराच्या चौकटीमागचं भोक, सगळं तारेच्या काथ्याने ठासून वरून सिमेंट. छोटा उंदीर जेमतेम सहा मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, म्हणजे पेन्सिल शिरेल ती प्रत्येक फट बुजवावी लागते. आत उरलेल्यांसाठी चापाचे पिंजरे, बंडू पोहोचणार नाही अशा जागी.

भुंकणं निम्म्यावर आलं. घरात सगळ्यांनी प्रकरण मिटवून टाकलं.

मी मिटवलं नाही, त्याचं कारण माळ्यावरचं एक खोकं. साफसफाई करताना त्याचा कोपरा कुरतडलेला दिसला होता, आणि त्या कुरतडलेल्या कडांवर धुळीचा चांगला जाड थर होता. ते काम कालपरवाचं नव्हतं, जुनं होतं. म्हणजे उंदीर वर्षभर तरी माळ्यावर नांदत असणार. मग बंडू मधले सगळे महिने गप्प का होता? आवाज जुना आणि भुंकणं नवं, हे गणित जुळत नव्हतं. बदललं होतं ते माळ्यावर नाही, सोफ्याशेजारी.

इथे कॅमेरा आला. अंधारात दिसणारा साधा घरगुती कॅमेरा, पुस्तकांच्या कपाटावर, बंडूच्या गादीकडे तोंड करून. पहिल्या काही रात्रींचं चित्रण मी चुकीच्या जागेपासून बघत होते, म्हणजे तो भुंकतो तिथून पुढे. त्यात तेच, जे आम्ही रोज प्रत्यक्ष बघत होतो. मग एकदा चहा पिता पिता सहज मागे नेलं आणि भुंकण्याच्या दहा मिनिटं आधीपासून चालू केलं.

तो जागा होता. भुंकण्याच्या बराच आधीपासून जागा. उठून उभा राहिला, गादीवर गोल फिरला, पुढचे पाय दुमडले, छाती टेकली, आणि मागचा भाग तसाच वर अधांतरी राहिला. बसू की नको असा. मग मागचा भाग धपकन सोडून दिला. दोनेक मिनिटांनी पुन्हा उठला, आणि उठताना आधी पुढच्या पायांवर अंग ओढून घेतलं, मागचे पाय नंतर, एकेक करून. पुन्हा गोल. पुन्हा छाती टेकून मागचा भाग अधांतरी. मांडीच्या एकाच जागी चाटणं. मग टाइल्सवर जाऊन बसला, तिथे मागचा पाय घसरला, पुन्हा उठला. हे सगळं आवाज न करता. अशा अवस्थेत केव्हातरी त्याचे कान वळले, मान माळ्याकडे झाली, आणि मग ते टिपेचं भुंकणं.

दुसऱ्या रात्रीचं बघितलं, तेच. जिथे भुंकला नाही त्या रात्रींचं बघितलं, तिथेही उठबस होतीच. फक्त माळा शांत होता.

कुत्रं आपल्यासारखं सलग झोपत नाही, हे खरं आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, १९९३ चा तो, कुत्र्यांची रात्रीची झोप मोजली होती. सरासरी सोळा मिनिटं झोप, पाच मिनिटं जाग, पुन्हा झोप, असं रात्रभर. पण ती जाग म्हणजे डोळे किलकिले करायचे, कूस बदलायची आणि परत डोकं टाकायचं. बंडूची जाग तशी नव्हती. त्याला टेकताच येत नव्हतं. तरुणपणी माळ्यावरची खुडबुड त्याच्या झोपेतून निघून जात असेल, किंवा कान टवकारून तो परत झोपत असेल. आता ती ऐकायला तो रात्रभर तयारच बसलेला होता, तेही वैतागून आणि दुखऱ्या अंगाने.

चित्रण फोनवर घेऊन डॉक्टरांकडे गेले. याआधीही एकदा गेले होते, पण दवाखान्यात कुत्रं सगळं लपवतं. भीतीने इतकं ताठ होतं की लंगडत आत आलेलं जनावर टेबलावर ठणठणीत दिसतं. या वेळी डॉक्टरांनी आधी फोन मागितला आणि छाती टेकून मागचा भाग वर राहतो तेवढाच तुकडा तीनदा बघितला. मग विचारलं, "जिने चढतो का?"

"चढतो की."

"उतरताना?"

मी विचार केला. उतरताना तो हल्ली थांबतो, आणि आम्ही म्हणतो, चल रे लवकर.

"झोपून उठल्यावर पहिली चार पावलं कशी टाकतो?"

ती आखडल्यासारखी टाकतो, मग सुटतो. हे मला माहीत होतं, पण ते वयाच्या खात्यात जमा होतं. त्यांनी बंडूला उभं ठेवून मागचा एक पाय हळूच मागे ताणला. तो ओरडला नाही, गुरगुरलाही नाही. मान वळवून त्यांच्या हाताकडे बघितलं आणि स्वतःचे ओठ चाटले. "हे बघा," त्या म्हणाल्या, "याच्यापेक्षा मोठ्याने बरीचशी कुत्री सांगतच नाहीत." मागच्या पंजांची मधली नखं वरून घासलेली होती. पाय पुरता उचलला जात नसला की असं होतं. एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले निघाले.

त्यांनी एवढ्यावर सोडलं नाही. म्हाताऱ्या कुत्र्याच्या रात्रीच्या अस्वस्थतेची कारणं एकावर एक असू शकतात. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर तहान आणि लघवी वाढते, आणि कुत्रं रात्री बाहेर जायला उठतं. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या तरी तेच. म्हणून रक्त आणि लघवी तपासली. शिवाय मेंदूच्या म्हातारपणाबद्दल बरेच प्रश्न विचारले. घरातल्या घरात हरवतो का, कोपऱ्यात किंवा दाराच्या बिजागरीच्या बाजूला तोंड करून उभा राहतो का, ओळखीच्या माणसांशी वागणं बदललंय का, दिवसा झोप आणि रात्री येरझारा असं उलटं झालंय का, घरात शी-शू करतो का. या आजारात माणसांच्या अल्झायमरसारखे अमिलॉइड या प्रथिनाचे साठे कुत्र्याच्या मेंदूतही होतात. कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या पाहणीत ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत, तर १५-१६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांत यातलं निदान एक तरी लक्षण दिसलं होतं. बंडू सध्या यात बसत नव्हता. त्याची भुंकण्याची दिशा ठरलेली होती, तो हरवत नव्हता, बिजागरीशी भांडत नव्हता.

दुखणं आणि आवाजाचा त्रास यांचं नातं त्यांनीच सांगितलं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये आवाजाला घाबरणारी वीस कुत्री घेतली होती. निम्म्यांना हाडा-स्नायूंचं दुखणं होतं, निम्म्यांना नव्हतं. दुखणाऱ्या कुत्र्यांत आवाजाची भीती सरासरी चार वर्षं उशिरा सुरू झालेली होती, आणि दुखण्यावर इलाज केल्यावर वागण्यात सुधारणा दिसली. वीस कुत्री म्हणजे अभ्यास लहानच. पण दचकलं की अंग आवळतं, आवळलं की दुखऱ्या सांध्यात कळ येते, आणि मग आवाज आणि कळ यांची गाठ बसते, ही त्यामागची अटकळ मला तरी पटते. घरात शांतपणे म्हातारं झालेलं कुत्रं अचानक आवाजांना दचकायला लागलं, तर मी आता आधी त्याच्या सांध्यांकडे बघेन.

इलाजाबद्दल थोडक्यात. सूज आणि वेदना कमी करणारं कुत्र्यांसाठीचं औषध सुरू झालं. ते देण्याआधी यकृत-मूत्रपिंडाची तपासणी, आणि उलटी, अन्न टाकणं किंवा काळी शी दिसली तर औषध बंद करून लगेच फोन. घरातल्या माणसांच्या गोळ्या अजिबात द्यायच्या नाहीत. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक ठरू शकतं आणि पॅरासिटामॉल त्याच्या यकृताला. वजन उतरवायचं, हे सगळ्यात अवघड, कारण घरात सासूबाई आहेत. पातळ गादीच्या जागी जाड फोमची, गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत न घसरणारी चटई, रात्री झोपताना उशिराची एक छोटी चक्कर, आणि पॅसेजमध्ये मंद दिवा. चटईचा फरक औषधाच्याही आधी दिसला. कॅमेऱ्यात तो घसरायचा बंद झाला, तशी उठबसही कमी झाली.

काही आठवड्यांनी खर्जातली सरबत्ती जवळपास संपली. उरलं ते दुसरं भुंकणं, चढ्या सुरातलं, आमच्या दाराकडे तोंड करून. इथे नवऱ्याचं निदान कामाला आलं, हे त्याला सांगितलं नाही. दुखत असताना बंडू भुंकायचा, मी जायचे, पाठीवरून हात फिरवायचे, कधी बिस्किटही. दुखणं ओसरलं, पण भुंकलं की माणूस येतं हे ज्ञान मागे राहिलं. तेही कधी येतं, कधी येत नाही. कधीतरीच फळणारी सवय रोज फळणाऱ्या सवयीपेक्षा चिवट असते.

सर्रास सल्ला असा असतो की लक्षच देऊ नका. हा सल्ला दुखणं, लघवी आणि मेंदूचा आजार यांची शंका फिटल्यानंतरच मानायचा. दुखणाऱ्या किंवा गोंधळलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याकडे दुर्लक्ष केलं तर तो काही शिकत नाही, नुसता भोगतो. शंका फिटल्यावरही पहिले काही दिवस भुंकणं आधी वाढतं आणि मगच उतरतं. रोजची हाक चालेना म्हणून तो जास्त जोर लावतो. त्या दिवसांत हार मानून गेलं, तर तेवढ्या जोराचं भुंकणं पक्कं होतं. आम्ही पुरतं दुर्लक्ष केलंच नाही. एकाच माणसाने जायचं, मोठा दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, बाहेर जायचंय का एवढं बघायचं आणि परत यायचं. ओरडायचं तर मुळीच नाही. आपण आतून "गप्प" म्हणून ओरडतो, तेव्हा बऱ्याचदा कुत्र्याला वाटतं की आता सगळेच भुंकतायत. दिवसा मात्र उलटा सराव केला. मुलगा माळ्यावर हलकेच टकटक करायचा, बंडूचे कान वळले की तो भुंकायच्या आत मी "ये" म्हणून बोलवायची, आला की खाऊ. त्याला हा खेळ इतका आवडला की हल्ली तो कधीकधी माळ्याकडे बघतो आणि सरळ माझ्यासमोर येऊन बसतो.

मधून मधून तो अजून भुंकतो. थंडी वाढली की उठबस परत सुरू होते, मग डॉक्टर औषध बघतात. अलीकडे त्याला ऐकू कमी येतंय असं वाटतं. मागून कुणी आलं की दचकतो, म्हणून आम्ही समोरून जातो किंवा जमिनीवर पाय आपटून येतो. झोपेत पाय हलवत बारीक भुंकत असेल तर उठवत नाही, तो स्वप्नातला मामला असतो. कॅमेरा मात्र काढलेला नाही. वही बंद केली. पुढच्या तपासणीला काय आणू विचारलं, तर डॉक्टर म्हणाल्या, "व्हिडिओ आणा. आणि भुंकण्याचा नको, त्याच्या आधीचा."